पिवळ्या तारेचा न्याय

“पोर्ट गेला ना? जाऊ द्या. पिवळी तार लावू, काम होऊन जाईल.”

हे वाक्य गेल्या दहाबारा वर्षांत मी इतक्या निरनिराळ्या तोंडांतून ऐकले आहे की, त्याला आता लोकोक्तीची प्रतिष्ठा आली आहे. फोटो स्टुडिओचे मालक ते म्हणतात, लग्नाच्या चित्रफिती काढणारे म्हणतात, संगणक दुरुस्त करणारे तरुण म्हणतात. आणि भाचा अमेरिकेत मोठ्या कंपनीत असल्यामुळे ज्यांना या विषयातले सारे कळते, असे आमच्या शेजारचे गृहस्थही तेच म्हणतात. वरवर पाहता वाक्यात गैर काहीच नाही. उलट त्यात आपल्याविषयी सहानुभूती आहे, कामाची हमी आहे, आणि ‘होऊन जाईल’ या दोन शब्दांत तर आपल्या सबंध समाजाचे कार्यतत्त्व सामावलेले आहे. माझी तक्रार नेमकी या वाक्याविरुद्ध आहे, आणि ती जरा विस्ताराने मांडावयाची आहे.

प्रथम प्रकरण काय ते सांगते. १९९५ साली डीव्ही नावाची चित्रमुद्रणाची पद्धत बाजारात आली. काडेपेटीहून थोडी मोठी अशी तिची कॅसेट, आणि तिच्यात पाव इंच रुंदीची फीत. पुढची दहाबारा वर्षे मध्यमवर्गीय घरांतून जे कॅमकॉर्डर आले, ते बहुतेक याच जातीचे. कोणी मुंबईच्या बाजारातून आणले, कोणाच्या दिराने आखाताहून पाठविले, कोणाच्या मुलीने न्यू जर्सीहून येताना सामानात घालून आणले. (या शेवटच्या प्रकारात एक निराळीच मौज असे. तिकडची चित्रपद्धती निराळी, इकडची निराळी. त्यामुळे मुलीच्या कॅमेऱ्यावरची बारशाची फीत आजोबांच्या कॅमेऱ्यात घातली की बहुधा निळा पडदा दिसे.) मुंजी झाल्या, साठीशांती झाल्या, गणपती बसले आणि विसर्जित झाले, सारे त्या फितींवर उतरले. मग भ्रमणध्वनीला कॅमेरा आला आणि कॅमकॉर्डर माळ्यावर गेला. आज त्या फिती कोणाला पाहावयाच्या झाल्या, तर त्या संगणकात उतरवून घ्याव्या लागतात, आणि घोडे अडते ते इथे.

कॅमेऱ्याच्या अंगावर एका रबरी झाकणाखाली चार टाचण्यांची एक बारीक खाच असते. फायरवायर म्हणतात ती हीच. काही कॅमेऱ्यांवर तिला आय-लिंक म्हटले आहे, काहींवर नुसते ‘डीव्ही’. ही खाच फार नाजूक. घाईत टोक उलटे दाबले की टाचण्या वाकतात. संगणकाच्या बाजूचे टोक सहा टाचण्यांचे असते, त्यातून वीजही वाहते. ते उलटे कोंबले तर नको त्या तारेत वीज शिरून आतली चिप जळते. कॅमेरा बाहेरून धडधाकट दिसतो, फीत फिरवतो, आपल्या इवल्या पडद्यावर चित्रही दाखवितो. फक्त संगणक त्याला ओळख देत नाही. लोक मग शेजारची यूएसबीची खाच शोधून काढतात, तिला तार जोडतात आणि हर्षभरित होतात. परंतु अपवादात्मक काही कॅमेरे सोडले, तर त्या वाटेने फितीवरचे मूळ चित्र येतच नाही, कार्डावरची स्थिर छायाचित्रे तेवढी येतात. अशा वेळी कोणीतरी पिवळी, पांढरी आणि तांबडी अशी तीन शेपटांची तार काढतो आणि वर दिलेले वाक्य उच्चारतो.

ही पिवळी तार करते काय, हे पाहिल्याशिवाय वादाला तोंड फुटणार नाही. डीव्ही फितीवर चित्र म्हणून जे असते, ते वास्तविक चित्र नसते, आकडे असतात. फितीवरून सेकंदाला नऊ हजार भागिले साठ, म्हणजे दीडशे फेरे घेणारा एक दंडगोल त्या आकड्यांच्या तिरप्या रेघा आखीत जातो. एकेक रेघ दहा मायक्रॉन रुंद, माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्रासाठी अशा बारा रेघा, सेकंदाला पंचवीस चित्रे. तासाभराच्या फितीवर सुमारे १३ गिगाबाइट मजकूर मावतो. फायरवायरच्या वाटेने हे आकडे जसेच्या तसे, एकही न बदलता, संगणकात येतात. चित्र काढले जात नाही, उतरवले जात नाही, रंगवले जात नाही. पेटीतला कागद पेटीतून काढून दुसऱ्या पेटीत ठेवावा, तसे हे स्थलांतर असते. पिवळ्या तारेचा मार्ग याच्या नेमका उलट. तेथे कॅमेरा आधी ते आकडे वाचतो, त्यांचे लाटांत रूपांतर करतो, उजेड आणि रंग दोन्ही एकाच तारेत कालवून बाहेर सोडतो. मग दुसऱ्या टोकाला एक स्वस्त डबी तो काला पुन्हा निवडून त्याचे नवे आकडे बनविते. आणि शेवटी ते आकडे डीव्हीडीत मावावेत म्हणून पिळून त्यांचा चोथा केला जातो. दोन तासांचे चित्र ४.७ गिगाबाइटांत बसवावयाचे म्हणजे २६ तला उरलेला मजकूर कोठे गेला, हे विचारण्याचे धाडस गिऱ्हाइकाने सहसा करू नये.

माझे म्हणणे असे की, पहिली वस्तू अस्सल आहे आणि दुसरी नक्कल आहे. आणि अस्सल व नक्कल यांतला भेद ज्या भाषेत शंभर वर्षांपूर्वी इतक्या हिरीरीने मांडला गेला, त्याच भाषेतल्या माणसांनी तो इतक्या सहज विसरावा, याची मला लाज वाटते. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला. त्याच्या प्रस्तावनेत बखरींची त्यांनी जी उलटतपासणी केली, ती वाचून बखरी लिहिणाऱ्यांचे आत्मे घायाळ झाले असतील. बखर गोड असते, सलग असते, वाचावयास सोपी असते. पण ती कोणीतरी मागाहून, ऐकून, आपल्या बेताने लिहिलेली असते. पत्र तुटके असते, फाटके असते, त्याचा अर्थ लावता लावता डोळे जातात. परंतु त्याला तारीख असते, हात असतो, शिक्का असतो. पिवळी तार ही बखर लिहिणारी बाई आहे. तिच्या बखरीत घटना बहुतेक खऱ्याच असतात. पण तारीख नसते.

हे मी अलंकारिक म्हणत नाही, अक्षरशः म्हणते. डीव्ही फितीवर चित्राच्या जोडीने दर चित्राचा क्रमांक, आणि ते ज्या दिवशी, ज्या वेळी घेतले ती तारीखवेळ, हेही मुद्रित झालेले असते. फायरवायरने हे सारे बरोबर येते. आज दहा हजार चित्रांतले कोणतेही एक उघडावे आणि ते कोणत्या दिवशी सकाळी किती वाजून किती मिनिटांनी टिपले, ते वाचावे. पिवळ्या तारेतून यातले काही जात नाही. फार तर तारीख पडद्यावर उमटवून ती चित्राच्या अंगावर कायमची गोंदवून घेता येते. म्हणजे आजीच्या कपाळावर आकडे. कॅमेऱ्यातले घड्याळ चुकीचे लावलेले असू शकते, हे मला ठाऊक आहे. पत्रावरची मितीही चुकते. म्हणून कोणी मिती खरडून टाकीत नाही.

यावर आक्षेप येतात, आणि ते येणाऱ्या माणसांच्या मानाने पाहता बरेच भारदस्त असतात.

पहिला आक्षेप डोळ्यांचा. ‘दोन्ही शेजारी ठेवा, फरक दिसतो का सांगा.’ दिसतो. लाल शालूच्या काठावर रंग पाझरलेला दिसतो, पंखा फिरताना त्याच्या पात्यांना करवतीचे दात आलेले दिसतात. कारण सेकंदाला पन्नास अर्धी चित्रे असतात, आणि स्वस्त डबी त्यांतली निम्मी खुशाल फेकून देते. पण समजा, दिसला नाही. समजा, माझे डोळे आता म्हातारे झाले आहेत. म्हणून काय झाले? पुढे ज्याचे डोळे तरुण असतील, ज्याच्याकडे आजच्याहून चांगली यंत्रे असतील, त्याने माझ्या मोतीबिंदूच्या मापाने पाहावे की काय? आपल्याला दिसते तेवढेच वस्तूत असते, असे मानणारा माणूस तत्त्वज्ञ असू शकेल. दफ्तर सांभाळणारा असू नये.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. ‘कोण पाहणार आहे हे सगळे?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असते, सुटका हवी असते. तरीही उत्तर देते. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, पुष्कळशा ध्वनिमुद्रित केल्या. ज्या बायांनी त्या गायल्या, त्यांनाही वाटले असेल की, हे कोण ऐकणार आहे? २०१७ पासून त्या ओव्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर जगात कोठूनही ऐकता येतात. कोण पाहणार हे ज्याने त्याने आपल्या हयातीत ठरवावयाचे नसते. ‘आलम आरा’ १९३१ साली लोकांनी तुडुंब गर्दी करून पाहिला. आज त्याची एकही प्रत उरलेली नाही. तेव्हाही कोणाला तरी वाटलेच असेल की, आता पाहून झाला.

आता जे सांगावयाचे, ते माझ्या घरातले आहे. ते टाळता आले असते तर टाळले असते. पण ज्या गोष्टीवर मी इतकी तावातावाने बोलते आहे, तिचा पुरावा माझ्याजवळ दुसरा नाही.

माझा थोरला भाऊ सातारा जिल्ह्यात शाळामास्तर होता. २००३ ते २००७ या काळात त्याने आमच्या गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांचे चित्रण केले. सत्तावीस कॅसेटी भरल्या. बाया जात्यावर बसलेल्या, कोणी गोधडी शिवते आहे, कोणी पाटीला टाके घालतो आहे, एक आजोबा नांगराच्या प्रत्येक भागाचे नाव सांगताहेत. आमची आई दोन कॅसेटींत आहे. दादा काही चित्रपट काढणारा नव्हता. त्याचा हात हले आणि उन्हात सगळ्यांचे चेहरे काळे येत. दर कॅसेटीची नोंद मात्र त्याने दोनशे पानी वहीत मास्तरी अक्षरात केली होती. २०१२ साली दादा गेला. २०१४ साली वहिनींनी कपाट उघडले. कॅमेरा चालू झाला, पण त्याची फायरवायरची खाच मेलेली निघाली. मीच कॅमेरा आणि कॅसेटी पुण्यातल्या एका दुकानात नेल्या. तेथे मला ते वाक्य ऐकविण्यात आले, आणि मी मान डोलाविली. दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याने सांगितले तेवढे केले. पंधरा दिवसांनी सत्तावीस डीव्हीडी मिळाल्या, वर गुलाबाचे चित्र छापलेल्या. आम्ही त्या पाहिल्या, रडलो, आणि कपाटात ठेवल्या. कॅसेटी टाकून द्या, आता त्यांचा काय उपयोग, असे दुकानात म्हणाले होते. वहिनींनी त्या टाकल्या नाहीत. तत्त्व म्हणून नव्हे. दादाचे अक्षर लेबलांवर होते म्हणून.

त्या डीव्हीडी पाहताना एक गोष्ट सारखी खटके. चेहरे होते, नावे नव्हती. ही डावीकडे बसलेली कोण? धाकट्या आत्यांची जाऊ, की वरल्या आळीतली? आईला विचारावे तर आई केव्हाच गेलेली. ज्याला सारे ठाऊक होते, तो कॅमेऱ्याच्या मागे उभा, आणि त्याचा शब्द नाही. आणि वहीत एकोणीस कॅसेटींपुढे लाल शाईने लिहिलेले : ‘आ. २’. आम्ही त्याचा अर्थ ‘आवृत्ती २’ असा लावला. दुसरी कुठली प्रत असेल, हरवली असेल.

नऊ वर्षांनी, २०२३ साली, एका परिचित गृहस्थांनी मला फायरवायरची खाच असलेला एक जुना लॅपटॉप दिला, आणि सांगलीकडच्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याने त्याच जातीच्या कॅसेटी वाजविणारा आपला जुना कॅमेरा महिनाभर वापरावयास दिला. खाच मेली होती ती दादाच्या कॅमेऱ्याची, फितीची नव्हे. ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात यावयास नऊ वर्षे लागली. मी एकेक कॅसेट घालून तासाला तास या हिशेबाने आकडे उतरवून घेऊ लागले. तिसऱ्या कॅसेटीच्या वेळी त्या मुलाने, ज्याने मला हे शिकविले त्याने, फाइल उघडून विचारले, “मावशी, यात आवाजाच्या दोन जोड्या आहेत. दुसरी ऐकायचीय का?”

दुसऱ्या जोडीत दादा बोलत होता.

झाले होते ते असे. या कॅमेऱ्यांत आवाज मुद्रित करण्याच्या दोन तऱ्हा असत. बारा बिटांची तऱ्हा निवडली तर फितीवर आवाजाच्या एका जोडीशेजारी आणखी एका जोडीची जागा मोकळी राही, आणि चित्राला व मूळ आवाजाला धक्का न लावता मागाहून तेथे बोलता येई. दादाने २००८च्या हिवाळ्यात, कॅसेट लावून, पडद्याकडे पाहत, एकोणीस फितींवर नावे सांगितली होती. कोण कोणाची, कोणत्या गावची, कोणती ओवी कोणाच्या माहेराहून आलेली, आणि मध्येच एकदा, “हे चित्र हलले आहे, कारण मागून गाय आली.” ‘आ. २’ म्हणजे आवाज दोन. कॅमेरा आपणहून नेहमी पहिलाच आवाज ऐकवितो. दुकानदाराने पिवळी तार लाविली. पांढऱ्या आणि तांबड्या तारांतून पहिला आवाज गेला, दुसरा फितीवरच राहिला.

येथे मला प्रामाणिकपणे एक कबुली दिली पाहिजे, नाही तर माझा वाद लंगडा पडेल. कॅमेऱ्याच्या यादीत शिरून दुसरा आवाज निवडता येतो, आणि मग पिवळ्या-पांढऱ्या तारेतूनही दादा ऐकू आला असता. पण त्यासाठी तो तेथे आहे हे आधी ठाऊक असावे लागते. नकलेतला खरा दोष हाच आहे. नक्कल करणाऱ्याला जेवढे ठाऊक, तेवढेच नकलेत उतरते. अस्सलात आपल्याला ठाऊक नसलेलेही येते. दुकानदाराला ठाऊक नव्हते, मला नव्हते, वहिनींना नव्हते. आकड्यांना मात्र ठाऊक असण्यानसण्याशी कर्तव्य नव्हते. ते सगळे आले. वहिनींनी हेडफोन कानाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाल्या, “वन्सं, हे दुकानात फेकून द्यायला सांगत होते.”

म्हणून मी म्हणते की, पिवळी तार हा तोडगा नव्हे. तोडगे संपल्यानंतरचा तो तोडगा आहे. खाच बंद पडली की प्रथम खरोखर खाचच बंद आहे का, हे पाहावे. निम्म्या वेळी तारच खराब असते, किंवा संगणकाला ती भाषा येत नसते. विंडोजवर पुष्कळदा जुना ड्रायव्हर मुद्दाम आणून घालावा लागतो. नंतर दुसरा कॅमेरा शोधावा. उसना मिळाला तर उत्तम, फक्त आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट घालून तो फीत खात नाही याची खात्री करावी. तोही न मिळाला, तर त्याच जातीच्या मेलेल्या कॅमेऱ्यातला सर्किटचा तुकडा काढून बसविणारा हात शोधावा. असे हात अजून आहेत, आणि त्यांची मजुरी फार नसते. हे सारे करून पाहिल्यावर, आणि तेव्हाच, पिवळ्या तारेकडे वळावे. आणि कॅमेऱ्याला एस-व्हिडिओची गोल खाच असेल तर पिवळीऐवजी ती घ्यावी, कारण तिच्यात उजेड आणि रंग निदान वेगळ्या तारांतून जातात.

‘एवढा खटाटोप सामान्य माणसाने का करावा?’ हा तिसरा आक्षेप, आणि मला वाटते, हाच काय तो खरा. सामान्य माणसाने तो का करावा लागावा, असे मी उलट विचारते. यंत्रे विकणाऱ्यांनी त्याला १९९५ पासून सांगितले की, तुमच्या आठवणी आता आकड्यांत आहेत, त्या कधी फिक्या होणार नाहीत. मग त्यांनीच संगणक पातळ करण्याच्या नादात खाच काढून टाकली. मग जोडणी विकल्या : एका टोकाला दुसरे, दुसऱ्याला तिसरे, अशी आगगाडी. मग जोडण्याही बंद केल्या. फायरवायर हे नाव ज्या अॅपलने दिले, तिच्याच मॅकओएसच्या २०२५ साली आलेल्या ‘ताहो’ आवृत्तीतून त्याचा आधार पुरता काढून टाकण्यात आला. लिनक्सच्या बाजूला तो २०२९ पर्यंत सांभाळण्याचा संकल्प आहे, आणि तो काही पगारी नोकरांचा नव्हे, हौसेने राबणाऱ्यांचा. ज्यांनी कुलूप विकले, त्यांनी किल्ल्या वितळविल्या. आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आपण म्हणतो, खिडकी फोडा, काम होऊन जाईल.

सरकारी दाराशीही या माणसाला उभे राहावयास जागा नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, हे आपले भाग्य. पण शाळामास्तराने काढलेल्या जात्यावरच्या बाया म्हणजे चित्रपट नव्हे. ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला पंखा मिळतो, दूरचित्रवाणी संच मिळतो. जिल्ह्याच्या ग्रंथालयात एक चालता कॅमेरा, एक जुना संगणक आणि ते हाताळणारा एक माणूस असावा, कोणीही आपली कॅसेट घेऊन यावे आणि तासाभराने आकडे घेऊन जावे, ही मागणी मला तरी भव्य वाटत नाही. मी ती दोन ठिकाणी लेखी केली. एका ठिकाणाहून उत्तर आले की, अशा फिती कालबाह्य असल्याने त्यांसाठी तरतूद नाही. कालबाह्य आहेत म्हणूनच मागितली होती.

आणि आपण स्वतः? आपण अस्सल जपण्याचे नुसते उत्सव करतो. एखाद्या वाड्यात तांबडा रुमाल बांधलेले दफ्तर सापडले की, वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते; त्याच वाड्याच्या माळ्यावर पंचवीस कॅसेटी बुरशी धरीत असतात, आणि त्या रद्दीवाल्याला प्लॅस्टिक म्हणून जातात.

तरीही या वादात माझ्याविरुद्ध बोलू शकेल असा एक साक्षीदार आहे, आणि तो बोलण्याआधी मीच त्याला पुढे करते. अस्सलाचा आग्रह धरून काहीच न करणारी माणसे मी पाहिली आहेत. योग्य तार मिळेल, योग्य कॅमेरा मिळेल, मग सवडीने करू, असे म्हणत त्यांनी कॅसेटी ठेवल्या. आणि पावसाळ्यांनी त्यांचे काम केले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ सालीच बजावले होते की, २०२५ पर्यंत ज्या चुंबकीय फिती उतरविल्या जाणार नाहीत, त्या बहुतांशी कायमच्या गेल्याच म्हणून समजा; नुसत्या फिती नासतात म्हणून नव्हे, तर त्या वाजविणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात संपतात म्हणून. ते साल येऊन ठेपले आणि गेले. अशा वेळी एखाद्याने पिवळी तार लावून निदान काहीतरी उतरवून घेतले, तर मी त्याला नावे ठेवणार नाही. नक्कल करणे हा गुन्हा नाही. नक्कल करून अस्सल फेकणे हा गुन्हा आहे, आणि ‘काम झाले’ म्हणणे हा त्याहून मोठा.

दादाच्या सत्तावीस कॅसेटींपैकी चोवीस आता आकड्यांनिशी दोन निरनिराळ्या घरांतल्या डिस्कांवर आहेत. एक बुरशीने गेली. दोन उरल्या, आणि त्या दोहोंनी माझी जिरविली. त्या दादाने काटकसर म्हणून लाँग प्लेवर मुद्रित केल्या होत्या. तासाच्या फितीवर दीड तास. तसे केले की रेघा दहाऐवजी पावणेसात मायक्रॉनांच्या होतात, आणि ज्या कॅमेऱ्याने त्या आखल्या त्याच्यावाचून दुसऱ्याला त्या धड वाचता येत नाहीत. उसन्या कॅमेऱ्यात सगळे चौकोन चौकोन दिसले, आवाज तुटक तुटक आला. दुसरा एक आणून पाहिला, तिसरा पाहिला. दादाच्या कॅमेऱ्यात मात्र त्या स्वच्छ चालतात, आणि त्याची खाच मेलेली. त्या जातीचा दुसरा कॅमेरा सुट्या भागांसाठी दीड वर्ष शोधते आहे, मिळालेला नाही. दरम्यान त्या कॅमेऱ्याची मोटरही आता कुरकुरू लागली आहे.

तेव्हा गेल्या पावसाळ्यात मी त्या दोन कॅसेटी त्याच्याच कॅमेऱ्यात घातल्या आणि तार लावली. एस-व्हिडिओची गोल खाच त्या कॅमेऱ्याला नाही, म्हणून पिवळीच. आधी यादीत जाऊन दुसरा आवाज आहे का पाहिला. लाँग प्लेवर तो भरता येत नसे, त्यामुळे नव्हताच. वहीत लाल शाईने लिहिले : ‘२२ व २३ : नक्कल. तारीख लेबलावरून. अस्सल पत्र्याच्या पेटीत, खालच्या कप्प्यात.’ बावीस क्रमांकात आई आहे. तिच्या शेजारी बसून जात्याचा खुंटा धरणारी बाई कोण, ते अजून कळलेले नाही.